यंत्र फडात आलं, तरी कोयता का सुटत नाही?

गळीत हंगाम तोंडावर आला की दोन बातम्या दरवर्षी शेजारी शेजारी छापून येतात. एक, मुकादमानं (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारानं) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतली पण टोळी पाठवलीच नाही, कारखान्याला मजूर कमी पडले. दुसरी, ऊसतोडणी यंत्रांची संख्या वाढली, सरकारनं अनुदान दिलं. दोन्ही खऱ्या असतात. मग वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो की माणसं मिळत नाहीत आणि यंत्र बाजारात आहे, तर घोडं अडलंय कुठं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल जोएल मोकिर, फिलिप आगियाँ आणि पीटर हॉविट यांना मिळालं, तेव्हा ‘सर्जक विध्वंस’ हा शब्द पुन्हा चर्चेत आला. नवं तंत्र आलं की जुना धंदा, जुनं कौशल्य, जुनी गुंतवणूक मोडीत निघते, असा त्याचा अर्थ. शब्द रूढ केला जोसेफ शुम्पीटर यांनी, १९४२ साली. पण हे वाचून असं वाटतं की यंत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी कोयता गेला. तसं होत नाही. यंत्राचा शोध लागणं आणि ते घरोघरी, शेतोशेती पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधली वर्षं कशात जातात, हे उसाच्या फडाइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसतं.

यंत्र नेमकं काय करतं

उसाच्या सरीत यंत्र शिरलं की आधी वरचा कटर वाढे, म्हणजे हिरवा शेंडा छाटतो. पुढचे दोन फिरते शंकू आडवा-तिडवा ऊस उचलून आत घेतात. खाली जमिनीलगत दोन तबकड्या एकमेकींच्या उलट्या दिशेनं फिरतात, प्रत्येकीवर चार-पाच पाती असतात. त्या ऊस बुडातून कापतात. पुढे रोलर तो आत ओढतात आणि साधारण वीतभर लांबीचे तुकडे करतात. मोठा पंखा पाचट, म्हणजे वाळलेली पानं बाहेर फेकतो, तुकडे एलेव्हेटरवरून शेजारी चालणाऱ्या ट्रॉलीत पडतात. या ट्रॉलीला फडात इनफिल्डर म्हणतात.

‘तुकडे’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढचं बरंच काही त्यावर अवलंबून आहे. अडीच मीटरचा ऊस कोयत्यानं तोडला तर त्याला दोन उघडी टोकं असतात. त्याचेच वीस सेंटिमीटरचे तुकडे केले तर बारा-तेरा कांड्या होतात, म्हणजे पंचवीसच्या आसपास उघडी टोकं. प्रत्येक टोकातून जिवाणू आत शिरतात, साखर खातात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्यानं उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) तर घटतोच, रस गाळणंही अवघड होतं. मोळीचा ऊस गव्हाणीबाहेर (कारखान्यात ऊस टाकतात ती गव्हाण) एक दिवस उभा राहिला तर कुरकुर होते. तुकड्यांचा ऊस तितकाच वेळ उभा राहिला तर कारखान्याचं नुकसान होतं. म्हणून यंत्र लावायचं तर गेटवरचे नंबर, वजनकाट्याची रांग, गाडी रिकामी करायची सोय, सगळं बदलावं लागतं. यंत्राच्या किमतीत हे कुठंच लिहिलेलं नसतं.

कोयत्याचा टन कितीला पडतो

एक कोयता म्हणजे एक जोडपं. ते दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतं, सोलतं, मोळ्या बांधतं, गाडी भरतं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. त्यावर मुकादमाचं कमिशन २० टक्के धरलं तर ७३ रुपये. झाले ४३९.

यात एक खर्च दिसत नाही. हंगामाआधी उचल द्यावी लागते. एका कोयत्याला एक लाख रुपये उचल दिली आणि अकरातला एक कोयता आलाच नाही, असं हिशोबासाठी धरू. म्हणजे आलेल्या प्रत्येक कोयत्यामागे दहा हजार रुपये बुडाले. हंगामात एक कोयता २०० टन तोडतो असं धरलं तर टनामागे ५० रुपये. एकूण ४८९. यंत्राच्या तोडणीला टनामागे ५०० रुपये पडतात असं धरा, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होतात.

यंत्र आहे तेच आहे, कोयत्याचा टन महागला. जॉन हिक्स या अर्थशास्त्रज्ञानं १९३२ सालीच मांडलं होतं की मजुरी महाग झाली की मजुरी वाचवणाऱ्या तंत्राकडे उद्योजकाचं लक्ष जातं. यंत्र ‘येतं’ म्हणण्यापेक्षा मजुरीचा दर त्याला ओढून आणतो, असं म्हणणं जास्त बरोबर. उचल बुडवणारा मुकादम हा या राज्यातला यंत्राचा सगळ्यात मोठा विक्रेता आहे, असं गमतीनं म्हणता येईल.

यंत्राचा उंबरठा

आता यंत्रमालकाच्या वहीत डोकावू. आकडे गृहीत धरलेले आहेत, आपापल्या भागातले घालून पाहावेत.

यंत्र आणि दोन इनफिल्डर मिळून १ कोटी २० लाख. कर्जाचे हप्ते वर्षाला २५ लाख. हंगाम १२० दिवसांचा, म्हणजे रोजचा हप्ता सुमारे २०,८०० रुपये. चालक, मदतनीस, पाती, पट्टे, हायड्रॉलिकचे पाइप, किरकोळ दुरुस्ती मिळून रोजचे १२,००० रुपये. हे ३२,८०० रुपये यंत्र चाललं तरी जातात, उभं राहिलं तरी जातात. डिझेल टनाला १८० रुपयांचं. दर ५००, त्यातून डिझेल वजा जाता टनामागे ३२० रुपये उरतात. ३२,८०० भागिले ३२०, उत्तर येतं १०३ टन.

रोज १०३ टनांच्या वर तोड झाली तर फायदा, खाली झाली तर तोटा. याला आपण उंबरठा म्हणू.

यंत्र ताशी १५ टन तोडतं असं धरा. फड पाच एकराचा, सलग असेल तर बारा तासांत १८० टन निघतात आणि दिवसाला पावणेपंचवीस हजारांच्या आसपास रुपये उरतात. आता फड वीस गुंठ्यांचा घ्या. एकरी ४० टनांनी त्यात २० टन ऊस, म्हणजे ८० मिनिटांचं काम. मग यंत्र बाहेर काढा, बांध ओलांडा, रस्त्यानं पुढच्या वस्तीवर न्या, तिथं इनफिल्डर पोचेपर्यंत थांबा. यात पाऊण तास गेला. दिवसभरात पावणेसहा फड होतात, ११५ टन. उंबरठ्याच्या जेमतेम वर. आठवड्यातून एक दिवस यंत्र बिघडलं तर सरासरी ९९ टनांवर येते आणि सगळा हंगाम तोट्यात जातो.

यंत्र तेच, चालक तोच, डिझेलचा दर तोच. फरक फक्त फडांच्या मांडणीचा.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा गहू

अमेरिकेत सायरस मॅकॉर्मिकनं गहू कापायचं यंत्र १८३१ मध्ये चालवून दाखवलं, १८३४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. एवढं उपयोगी यंत्र, पण १८५० पर्यंत अख्ख्या देशात कापणी यंत्रं तयार झाली जेमतेम साडेतीन हजार. १८५८ पर्यंत आकडा सत्तर हजारांच्या वर गेला. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये याचा हिशोब मांडला. १८५० च्या सुमारास शेतकऱ्याकडे साधारण ४६ एकर धान्य असेल तरच यंत्र परवडायचं. पुढच्या काही वर्षांत यंत्राच्या किमतीच्या मानानं मजुरी वाढली आणि हा उंबरठा ३५ एकरांवर उतरला. तिकडे शेतांचा आकारही थोडा वाढत होता. दोन्ही जिथं भेटले तिथून विक्री उसळली.

यावर १९७५ मध्ये अ‍ॅलन ओल्मस्टेडनं चांगला आक्षेप घेतला. शेतकरी यंत्र भागीत घेत होते, दुसऱ्याची कापणी भाड्यानं करून देत होते, मग एकेकट्याच्या एकरांवर उंबरठा कसा ठरेल? आक्षेप रास्त आहे, आणि आपल्याकडे तर तो दुप्पट लागू पडतो. महाराष्ट्रात ऊस उत्पादक स्वतः यंत्र घेत नाही. ठेकेदार घेतो आणि कारखान्याच्या कार्यक्षेत्रात फिरवतो. म्हणजे ‘आमच्याकडे शेती लहान आहे म्हणून यंत्र चालणार नाही’ हे वाक्य अर्धंच खरं. मालकी लहान असली तरी चालेल, तोडणी सलग हवी. दहा जणांचे वीस-वीस गुंठे एकमेकांना लागून असतील आणि एकाच दिवशी तोडीला आले तर यंत्राला तो पाच एकरांचाच फड.

पण तसं घडत नाही, कारण तोडणीचा क्रम लागणीच्या नोंदीच्या तारखेवर चालतो. शेजारी शेजारी असलेल्या तीन फडांपैकी एक जुलैत लावलेला आडसाली, दुसरा जानेवारीत लावलेला सुरू, तिसऱ्यात खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस). तारखेचा नियम न्यायाचा आहे. तो मोडला की पुढाऱ्याचा ऊस आधी जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो नियम आणि यंत्राची गरज एकमेकांच्या आड येतात. तोडगा एकच दिसतो, गटानं लागण करायची. म्हणजे क्रम तोडणीच्या वेळी नाही, लागणीच्या वेळीच जुळवायचा.

‘मग अनुदान वाढवा की!’

राज्याच्या २०२३ च्या योजनेत यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांतलं जे कमी असेल तेवढं अनुदान होतं, ९०० यंत्रांसाठी. वरच्या वहीत ३५ लाख कमी करा. हप्ता पावणेअठरा लाखांवर येतो आणि उंबरठा १०३ वरून ८४ टनांवर. म्हणजे विखुरलेल्या फडांत फिरणारं यंत्रही तगतं. अनुदान उपयोगी आहे, यात शंका नाही.

पण त्यानं यंत्राची घाई होते, फडांची मांडणी तशीच राहते. उलट ठेकेदाराला सलग फडांचा आग्रह धरायचं कारण उरत नाही. शिवाय अनुदान यंत्राच्या मालकाला मिळतं. यंत्राची चाकं बसावीत म्हणून सरी रुंद करायची झीज शेतकऱ्यानं सोसायची असते आणि गेटवरची रांग कारखान्यानं मोडायची असते. त्या दोघांना त्यातलं काही मिळत नाही. माझ्या मते खरा अडसर इथं आहे: फायदा एकाच्या खिशात, बदलाचा खर्च दुसऱ्याच्या.

‘शेतकऱ्याचं वजन कापलं जातं, त्याचं काय?’

हा आक्षेप सर्वांत जोरदार आहे आणि त्याला बगल देता येत नाही. यंत्राच्या उसात पाचट आणि माती जास्त येते म्हणून वजनातून साधारण साडेचार-पाच टक्के वजावट होते. तोडणी-वाहतूक जाऊन शेतकऱ्याला टनाला ३,००० रुपये मिळतात असं धरलं तर साडेचार टक्के म्हणजे १३५ रुपये. कोयता आणि यंत्र यांच्या खर्चातला फरक वर अकरा रुपये निघाला होता. म्हणजे कारखान्याच्या दृष्टीनं बरोबरी, शेतकऱ्याच्या दृष्टीनं १३५ रुपये वजा. त्यानं यंत्राला नाक मुरडलं तर त्याला मागास म्हणणं हा हिशोब न करण्याचा आळस आहे.

दुसरी बाजूही पाहू. खरोखर तेवढं पाचट येत असेल तर शेतकऱ्याचं नुकसान नाही. पाचटाचे पैसे कुणालाच मिळत नसतात. प्रश्न आहे तो सरसकट आकड्याचा. उभा, स्वच्छ ऊस आणि चांगला पंखा असेल तर पाचट कमी येतं. लोळलेला, ओला ऊस असेल तर जास्त. सगळ्यांना एकच टक्का लावला की नीट भरणी केलेला (उसाच्या बुडाला मातीची भर दिलेला) शेतकरी निष्काळजी शेतकऱ्याचा दंड भरतो. गाडीगणिक नमुना काढून वजावट ठरवता येते. त्याला माणूस आणि वेळ लागतो, एवढंच.

मजुरांच्या तोडीत शेतकऱ्याच्या खिशातून जे जातं तेही मोजायला हवं: फडातली एन्ट्री, ड्रायव्हरची खुशाली, म्हणजे दरावर वरून द्यावे लागणारे पैसे. याची पावती नसते म्हणून तुलनेत ते धरलं जात नाही. वाढे मात्र यंत्राच्या तोडीत हातचं जातं, जनावरं असलेल्या घराला ते खटकतं. त्या बदल्यात पाचट कुट्टी होऊन शेतातच राहतं, पेटवायची गरज नाही, खोडव्यात ओल टिकते.

खोडवा बिघडतो, ही तक्रार अर्धी पात्यांची आहे. पाती बोथट झाली की कापण्याऐवजी बुडखा चिरतो, कधी मुळासकट हलतो, आणि फुटवे विरळ येतात. दगड लागला की पात्याची धार तासाभरात जाते. पाती बदलायला यंत्र थांबवावं लागतं आणि थांबलं की टन बुडतात, म्हणून चालक टाळाटाळ करतो. मालकाला पैसे टनावर मिळतात, खोडव्यावर नाही. तक्रारीचा उरलेला अर्धा भाग इनफिल्डरच्या चाकांचा: अरुंद सरीत चाक थेट बुडख्यावरून जातं, काळ्या ओल्या जमिनीत तर माती दगडासारखी आवळते.

ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलनं कसं जमवलं

क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्गच्या टॉफ्ट बंधूंनी तोडणी यंत्राचा पाया घातला. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथला बहुतेक ऊस हातानं तुटत होता, १९७९ पर्यंत झाडून सगळा यंत्रानं. तिथं मजूर मिळत नव्हते, मजुरी महाग होती आणि शेतं मोठी होती. वरच्या वहीतले तिन्ही आकडे यंत्राच्या बाजूचे.

ब्राझीलची गोष्ट वेगळी. तिथं हातानं तोडणी सोपी जावी म्हणून आधी ऊस पेटवत. साओ पाउलो राज्यानं २००२ मध्ये कायदा करून हे पेटवणं टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं. २००७ मध्ये कारखान्यांशी करार होऊन सपाट जमिनीसाठी मुदत २०१४ पर्यंत अलीकडे आणली. न पेटवलेला ऊस हातानं तोडणं परवडेना, म्हणून यंत्रं आली. यंत्राचा उंबरठा होता तिथंच राहिला आणि हाताच्या तोडणीचा खर्च कायद्यानं वर गेला. मुदत आधीच माहीत असल्यानं कारखान्यांनी लागणीपासून तयारी केली.

‘हा तर मजुरांच्या पोटावर पाय’

यंत्र दिवसाला १२० टन तोडत असेल तर ते ६० कोयत्यांचं काम झालं. ९०० यंत्रांचा हिशोब ५४,००० कोयते, म्हणजे लाखावर माणसं. हंगामात ही यंत्रं मिळून १ कोटी ३० लाख टनांच्या आसपास तोडतील. राज्याचं गाळप दहा कोटी टनांच्या घरात जातं. त्याचा हा आठवा हिस्सा. कोयता उद्या जाणार नाही, पण धक्का लहानही नाही.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट अशी की यंत्र आधी सपाट, सलग, उभा ऊस उचलतं. कोयत्याच्या वाट्याला उरतो तो लोळलेला, बांधाकडेचा, चिखलातला, अडचणीतला ऊस. टनाचा दर तोच, पण त्या उसात दोन टनांऐवजी दीड टन होतो. ३६६ च्या दरानं जोडप्याचे दिवसाचे ७३२ रुपये ५४९ वर येतात, दर एक पैसाही कमी न होता. यंत्र वाढलेल्या भागात दराची बोलणी करताना अडचणीच्या फडाचा वेगळा दर मागितला नाही तर ही घट कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आणि आजची तोडणी ‘स्वस्त’ कशी राहते, तेही पाहावं. आजारपणाचा दिवस म्हणजे खाडा, खाडा म्हणजे कपात. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. ४८९ रुपयांच्या हिशोबात ही किंमत कुठंही धरलेली नाही. ती धरली असती तर उंबरठा कधीच ओलांडला गेला असता.

सरी किती फुटांची?

शेवटी सगळं येऊन थांबतं सरीवर. तीन फुटी सरीत यंत्राची चाकं बसत नाहीत; साडेचार ते पाच फूट अंतर लागतं. ‘अंतर वाढवलं की रोपं कमी, टनेज कमी’ ही भीती सगळ्यांना असते. जोडओळ (दोन ओळी जवळ, मग मोकळा पट्टा) घेतली किंवा फुटवे नीट जोपासले तर रुंद सरीत सूर्यप्रकाश जास्त मिळून जाड ऊस येतो, पण पहिल्या वर्षी हात बसेपर्यंत थोडी घट होऊ शकते, हे मान्य करायला हवं. शिवाय फडाच्या दोन्ही टोकांना यंत्र वळण्यापुरतं अंतर मोकळं सोडावं लागतं. वीस गुंठ्यांत ते अंगावर येतं, शेजाऱ्याशी मिळून सोडलं तर निम्म्यावर येतं. भरणी सपाट हवी, दगड वेचलेले हवेत. तोडणीआधी ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या नाहीत तर त्यांचाही तुकड्यांबरोबर चुरा होतो आणि तो थेट गव्हाणीत जातो.

हा निर्णय मोडता येत नाही. जुलैमध्ये तीन फुटी सरीत आडसाली लावला की सोळा-अठरा महिन्यांनी तोड, मग एक खोडवा, दुसरा खोडवा. त्या जमिनीत पुढची साडेतीन-चार वर्षं यंत्र शिरणार नाही, मग ते दारात फुकट उभं असलं तरी. म्हणून एखाद्या गटात यंत्र कधी चालेल हे शोरूममध्ये कळत नाही. शेतकी विभागाच्या नोंदवहीत लागणीच्या तारखेशेजारी सरीचं अंतर लिहिलेलं असलं, तर तिथं ते चार वर्षं आधी वाचता येतं.